पैसे मीटरने घेतले, कंपनीकडे पोचलेच नाहीत

कॉव्हेंट्रीत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे. सप्टेंबरमध्ये त्याने दोन मित्रांबरोबर फ्लॅट भाड्याने घेतला. विजेचं मीटर प्रीपेमेंटचं (आधी पैसे भरा, मग वीज वापरा), किल्लीवालं. किल्ली मीटरमध्येच खोचलेली होती आणि एजंट म्हणाला, "हीच वापरा, चालते." तेव्हापासून कोपऱ्यावरच्या दुकानात आठवड्याला २० पौंडांचं टॉप-अप सुरू आहे. एकदाही लाइट गेली नाही. आता फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलंय की तुमच्या खात्यावर एकही पेमेंट जमा नाही आणि थकबाकी ४०० पौंडांच्या वर आहे. फोन केला तर "आमच्या सिस्टीमवर काही दिसत नाही" एवढंच उत्तर. थोड्या पावत्या आहेत, त्यातल्या काहींची शाई उडाली आहे. पैसे पुन्हा भरावे लागतील का, आणि याचा व्हिसावर काही परिणाम होईल का?

व्हिसाचं आधी सांगून टाकते, कारण त्या भीतीपोटीच मुलं गपचूप पैसे भरून मोकळी होतात. व्हिसाच्या अर्जात अडचणीची ठरते ती एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, ५०० पौंड किंवा त्याहून जास्त थकबाकी. वीज कंपनीशी हिशेबाचा वाद असणं, हा त्यातला विषय नाही. त्यामुळे घाईघाईने काहीही भरू नका आणि "आम्ही हप्त्याने देतो" असंही फोनवर कबूल करू नका.

मी इंग्लंडमधल्या एका सल्ला केंद्रात वीज-गॅसच्या तक्रारी बघते. अशा वादात लोक पहिल्यापासून एकच मुद्दा धरून बसतात: "मी पैसे भरलेत." कंपनीचा माणूस म्हणतो, "आले नाहीत." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. किल्लीच्या मीटरमध्ये पैसे हवेत विरत नाहीत. ते कुणाच्या तरी खात्यावर जमा झालेले असतात, फक्त ते खातं तुमचं नसतं. म्हणून कंपनीला विचारायचा प्रश्न असा: या किल्लीवर भरलेले पैसे कुठल्या सप्लायरकडे (वीज विकणाऱ्या कंपनीकडे) आणि कुठल्या खात्यावर गेले?

किल्ली काम कशी करते हे माहीत असलं की पुढचं सगळं सोपं जातं. ही किल्ली म्हणजे टपालवाला. दुकानातून मीटरकडे पैसे घेऊन जाते आणि परत येताना मीटरकडून रीडिंग वगैरे माहिती घेऊन येते. पुढच्या वेळी तुम्ही ती दुकानातल्या यंत्रात घातलीत की ती माहिती कंपनीकडे रवाना होते. कंपनी आणि मीटर यांच्यात दुसरा कुठलाही संपर्क नसतो. आणि पैसे कुणाकडे जायचे हे किल्लीवर नोंदलेलं असतं, तुमच्या नावावरून किंवा पत्त्यावरून ठरत नाही.

तुमच्या बाबतीत बहुधा काय झालं असेल ते आता सांगते. आधीच्या भाडेकरूने कधीतरी सप्लायर बदलला. नव्या कंपनीने नवी किल्ली पाठवली, पण ती कुणी मीटरमध्ये घातलीच नाही, किंवा घरमालकाच्या टपालाच्या ढिगात पडून राहिली. जुनी किल्ली चालतच राहिली, कारण नवी किल्ली एकदा मीटरमध्ये जाईपर्यंत मीटर जुनीलाच ओळखतं. म्हणजे कागदोपत्री तुमचा सप्लायर 'ब' आणि तुमचे पैसे मात्र जाताहेत 'अ'कडे. 'ब'ला युनिट वापरलेली दिसतात, पैसे दिसत नाहीत. त्यातून निघालं हे पत्र. या धंद्यात याला मिसडायरेक्टेड पेमेंट म्हणतात. प्रकार इतका नेहमीचा आहे की कंपन्यांमध्ये आपापसात असे पैसे वळते करण्याची ठरलेली पद्धत आहे. फोनवरच्या पहिल्या माणसाला ती माहीत नसते, एवढंच.

आता तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो तुम्हीच प्रश्नात लिहिलाय, पण त्याचं वजन तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही: एकदाही लाइट गेली नाही. किल्लीचं मीटर क्रेडिट संपलं की इमर्जन्सी क्रेडिट, म्हणजे थोडी उधारी, देतं, तेही संपलं की वीज तोडतं. पाच महिने एक पैसा न भरता ते चालूच शकत नाही. मीटर बिघडलेलं असेल किंवा कुणी छेडछाड केली असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं असेल तर ते तपासून दाखवायची जबाबदारी कंपनीची. तुमच्या पत्रातलं पहिलं वाक्य हेच असू द्या.

यापुढे मात्र काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत.

पहिली, मीटर नक्की कुणाचं? जुन्या घरांचे फ्लॅट पाडलेले असतात तिथे बऱ्याचदा मुख्य मीटर घरमालकाच्या नावावर असतं आणि प्रत्येक फ्लॅटला त्याचं खासगी सबमीटर असतं, कार्डाचं किंवा नाण्याचं. तसं असेल तर वीज कंपनीकडे तुमचं काहीच नसतं, वाद घरमालकाशी. (तिथेही त्याला मनाला येईल तो दर लावता येत नाही. युनिटला स्वतः जेवढे मोजतो त्याहून जास्त घ्यायला बंदी आहे.) तुमची किल्ली दुकानातल्या टॉप-अपच्या यंत्रात चालते, म्हणजे मीटर सप्लायरचंच.

दुसरी, टॉप-अप तुम्ही नेहमी दुकानातच केलंत ना? हा प्रश्न विचारताना मलाच अवघडल्यासारखं होतं, पण विचारावा लागतो. दारावर येऊन "५० पौंडांचं क्रेडिट २५ मध्ये देतो" म्हणणारे लोक असतात. नकली किल्लीवरचं ते क्रेडिट मीटर घेतं, पण कंपनीला काहीच मिळत नाही. तसं झालं असेल तर त्या विजेचे पैसे पुन्हा भरावे लागतात. त्यावर सहसा तोड निघत नाही. मग भांडायचं ते फक्त हप्ता किती असावा, यावर.

तिसरी, तुमच्या फ्लॅटला कंपनीने दुसऱ्याचंच मीटर तर लावलेलं नाही ना? फ्लॅट १ आणि फ्लॅट २ ची मीटरं कागदावर उलटीपालटी होणं फार दुर्मीळ नाही. मीटरवर छापलेला सिरियल नंबर आणि पत्रावरचा नंबर एकच आहे का ते बघा. जुळत नसेल तर थकबाकी शेजाऱ्याची असू शकते आणि मग सगळा विषयच निराळा होतो. घरात बसून दोन मिनिटांत होणारी ही तपासणी आहे, पण केंद्रात येणाऱ्या फार थोड्या लोकांनी ती आधी केलेली असते.

नंबरांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. महावितरणच्या बिलावर जसा १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो, तसा इथे प्रत्येक वीजजोडणीला १३ अंकी एमपॅन असतो. माणूस बदलला, सप्लायर बदलला तरी जोडणीचा एमपॅन तोच राहतो. या एमपॅनवर सध्या कोणता सप्लायर नोंदलेला आहे, तो कधीपासून आणि त्याआधी कोण होता, हे विचारा. तारांचं जाळं सांभाळणारी कंपनी वेगळी असते (तुमच्या भागात नॅशनल ग्रिड इलेक्ट्रिसिटी डिस्ट्रिब्यूशन), सध्याचा सप्लायर तिच्याकडूनही कळतो. मग किल्ली उलटसुलट करून बघा, तिच्यावर किंवा दुकानाच्या पावतीवर कोणत्या कंपनीचं नाव आहे ते. पत्र एका कंपनीचं आणि पावतीवर नाव दुसऱ्या कंपनीचं निघालं, तर तुमची अर्धी केस तिथेच सुटली.

पावत्यांची शाई उडणार हे ठरलेलं. तो थर्मल कागद खिडकीत ठेवला तरी कोरा होतो. आहेत त्यांचे आजच फोटो काढा. तारीख, वेळ, रक्कम, किल्लीचा नंबर आणि व्यवहाराचा नंबर वाचता आला पाहिजे. बँक स्टेटमेंटवर भिस्त ठेवू नका. तिथे दुकानाचं नाव असतं आणि रक्कम असते २३ पौंड ४० पेन्स, कारण त्याच वेळी दूध-ब्रेडही घेतलेलं असतं. त्यातले २० विजेचे हे त्या ओळीवरून कळत नाही. तरी ते जोडा. पावतीच्या तारखेला त्याच दुकानातला व्यवहार दिसला की दोन्ही एकमेकांना आधार देतात. रोखीने भरलेल्या पैशांची मात्र पावती गेली की तुमच्याकडे काहीच उरत नाही.

तुमच्याकडे नाही, पण मीटरकडे उरतं. मीटरवरचं बटण दाबत गेलात की एकामागून एक स्क्रीन येतात. क्रेडिट किती, युनिटचा दर, स्टँडिंग चार्ज (वीज वापरा न वापरा, रोज लागणारा ठरावीक आकार), रीडिंग, थकबाकी असेल तर ती आणि दर आठवड्याला तिच्यापोटी किती कापलं जातंय, आणि आजवर मीटरने एकूण किती पैसे स्वीकारले. स्क्रीनचा क्रम आणि खुणेची अक्षरं मीटरच्या बनावटीप्रमाणे बदलतात, त्यामुळे मी इथे देत नाही. सगळ्यांचे फोटो काढा, नाहीतर सलग व्हिडिओ. 'एकूण स्वीकारलेले पैसे' हा आकडा मीटर बसवल्यापासूनचा असतो, तेव्हा एकट्या आकड्यावरून तुमचे किती ते समजत नाही. पण पुढच्या टॉप-अपच्या आधी एक फोटो आणि किल्ली घातल्यावर दुसरा, असं केलंत की ही किल्ली याच मीटरमध्ये पैसे टाकते हे कुणी नाकारू शकणार नाही.

मग हिशेब मांडा. समजा तुम्ही २१ वेळा २० पौंड भरले, म्हणजे ४२०. या काळात १,२०० युनिट वापरली आणि मीटरवरचा दर २७ पेन्स असेल तर विजेचे ३२४ पौंड झाले. १५० दिवसांचा स्टँडिंग चार्ज ५५ पेन्सने ८२ पौंड ५० पेन्स. दोन्ही मिळून ४०६ पौंड ५० पेन्स. आज मीटरवर साडेतेरा पौंडांच्या आसपास शिल्लक दिसत असेल तर हिशेब जुळला, आणि तुमचा प्रत्येक पौंड याच घराच्या विजेत गेला हे कागदावर आलं. तुमचे खरे आकडे घाला, हे मी नमुन्यादाखल घेतलेत.

हिशेब जुळला नाही आणि मोठी तूट आली, तर एक वेगळीच गोष्ट बाहेर येते. ते मीटर आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमच्या पैशांतून कापत असू शकतं. थकबाकीच्या स्क्रीनवर शून्य नसेल तर तेच चाललंय. ती रक्कम तुमची नाही. तुमची जबाबदारी सुरू होते ती भाडेकरार सुरू झाला त्या दिवसापासून. करार पाठवायचा आणि कापलेले पैसे परत मागायचे. विद्यार्थ्यांना काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) माफ असल्यामुळे त्याचं बिल पुरावा म्हणून दाखवता येत नाही, म्हणून करार आणि घर ताब्यात घेतानाची एजंटची यादी महत्त्वाची. त्या यादीत मीटर रीडिंग लिहिलेलं असतं आणि कुणी ते वाचत नाही.

हे सगळं जमवल्यावर लेखी तक्रार करा. फोनवर वेळ घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. फोन उचलणाऱ्यासमोर एकच खातं उघडलेलं असतं, आणि तुमचे पैसे तर दुसऱ्या खात्यावर गेलेत. ईमेलच्या विषयात 'कम्प्लेंट' लिहा, म्हणजे ती चौकशी म्हणून बाजूला पडत नाही. मजकूर छोटा ठेवा. या तारखेपासून आम्ही इथे राहतो. मीटर नंबर हा, किल्लीचा नंबर हा, एमपॅन हा. टॉप-अपची यादी आणि फोटो सोबत आहेत. पैसे मीटरने स्वीकारले आहेत. ते मिसडायरेक्टेड झालेत का हे तपासा, ज्या सप्लायरकडे गेले असतील त्याच्याकडून मागवून घ्या, आमचं खातं दुरुस्त करा आणि तोवर वसुली थांबवा. बस. राग, मनस्ताप, परीक्षेचा काळ हे सगळं खरं असलं तरी शेवटच्या एका वाक्यात मावतं.

'अ' कंपनी कोण हे कळलं असेल तर तिलाही लिहा: या किल्लीवर या काळात आलेल्या सगळ्या टॉप-अपची यादी द्या. इथे एक कायदेशीर हत्यार आहे, ते लोक फार कमी वापरतात. तुमच्याविषयी कंपनीकडे असलेली माहिती मागण्याचा तुमचा हक्क आहे, त्याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. ती फुकट असते आणि उत्तर साधारणपणे एका महिन्यात द्यावं लागतं. अडचण अशी की 'अ'कडे खातं आधीच्या भाडेकरूच्या नावावर असेल, तर त्याची माहिती ते तुम्हाला देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून स्वतःच्या सप्लायरकडे, म्हणजे 'ब'कडे, ही विनंती करा आणि तुमच्या पत्त्याशी जोडलेली किल्ल्यांची नोंद, टॉप-अपची नोंद, फोनच्या नोंदी, सगळं मागा. 'अ'शी यापुढचं बोलणं 'ब'वर सोपवा.

उत्तराची वाट बघत असताना टॉप-अप चालू ठेवा, पण जुन्या किल्लीवर नको. सध्याच्या सप्लायरकडून तुमच्या नावाची नवी किल्ली मागवा आणि दुकानात नेण्याआधी ती एकदा मीटरमध्ये घाला, म्हणजे योग्य दर आणि योग्य खातं त्यात बसतं. मात्र नवी किल्ली घालण्याआधी सगळ्या स्क्रीनचे फोटो झालेच पाहिजेत, कारण त्यानंतर दर आणि थकबाकीचे आकडे बदलू शकतात. नव्या किल्लीबरोबर तो वादातला ४०० पौंडांचा आकडा मीटरवर चढवू नका, असंही आधीच लिहून कळवा. जुनी किल्ली फेकू नका. एजंटला परत देऊ नका. ती पुरावा आहे.

मधेच सप्लायर बदलायचा मोह होईल. ५०० पौंडांपर्यंतची थकबाकी असली तरी प्रीपेमेंट ग्राहकाला कंपनी बदलता येते, थकबाकी नव्या कंपनीकडे सरकते. नियम चांगला आहे, पण वाद चालू असताना तो वापरू नका असं मी सांगेन. दोन कंपन्यांमध्ये हरवलेले पैसे शोधताना तिसरी आत आली की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

तक्रार केल्यापासून ८ आठवडे झाले, किंवा त्याआधीच "आम्ही यापुढे काही करणार नाही" असं डेडलॉक लेटर आलं, तर एनर्जी ओम्बुड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जा. तिथे पैसे लागत नाहीत. डेडलॉक लेटर मिळालं असेल तर १२ महिन्यांच्या आत जावं लागतं. तुम्ही निर्णय स्वीकारलात की तो कंपनीवर बंधनकारक होतो, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही मोकळे. तिथले लोक कागद बघतात, म्हणून मघाचे फोटो आणि तो तीन ओळींचा हिशेब. ऑफजेमकडे तक्रार करायला जाऊ नका, ते नियामक आहेत, एकेका ग्राहकाचं प्रकरण बघत नाहीत. घरात आजारी माणूस किंवा लहान मूल असेल आणि वीज बंद पडायची वेळ आली असेल तर ८ आठवडे थांबायचं नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेला तसं स्पष्ट सांगा, अशा केस पुढे एक्स्ट्रा हेल्प युनिटकडे जातात. मीटरने किल्ली घेणंच बंद केलं तर तो निराळा विषय. मीटर बिघडल्याचं कळवल्यावर कामाच्या दिवशी ३ तासांत आणि सुट्टीच्या दिवशी ४ तासांत कंपनीने माणूस पाठवायचा असतो, नाहीतर ४० पौंड भरपाई.

ज्यांच्याकडे स्मार्ट प्रीपे मीटर आहे त्यांचं निम्मं दुखणं इथे येत नाही. ॲपवर पैसे गेले आणि मीटरवर दिसले नाहीत, तर पावतीवर किंवा ईमेलमध्ये २० अंकी कोड असतो, तो मीटरवर हाताने घाला. तो त्याच मीटरसाठी बनलेला असतो आणि एकदाच चालतो. आधी वापरलेला आहे म्हणून मीटरने नाकारला, तर क्रेडिट पूर्वीच जमा झालंय आणि शोध वेगळ्या दिशेने घ्यायला हवा. बँकेत रक्कम 'पेंडिंग' दिसत असेल तर दोन-चार दिवस थांबा, बऱ्याचदा ती आपोआप परत येते. नॉर्दर्न आयर्लंडची कीपॅड पद्धत आणि तिथलं तक्रारीचं दार, दोन्ही निराळी आहेत. तिथे कन्झ्युमर कौन्सिलकडे जावं लागतं.

आता तुमचा मूळ प्रश्न: पैसे पुन्हा भरावे लागतील का? टॉप-अप दुकानातूनच केलं असेल आणि मीटरचे आकडे जुळत असतील, तर नाही. वेळ मात्र लागेल, कारण दोन कंपन्यांमधला पत्रव्यवहार सावकाश चालतो. आणि एक व्यवहाराची गोष्ट. दुरुस्तीनंतर परतावा निघालाच तर कंपनी तो शक्यतो किल्लीवरच चढवते, म्हणजे पुढच्या टॉप-अपला दुकानात आपोआप जमा होतो. तुम्ही जूनमध्ये घर सोडणार असाल तर किल्लीवरचे पैसे पुढच्या भाडेकरूच्या कामाला येतील. तेव्हा परतावा बँक खात्यात हवा असं पहिल्याच पत्रात लिहा, घर सोडताना मीटरवर जी शिल्लक राहील तीही त्याच खात्यात मागा, आणि भारतात परतणार असाल तर इथलं खातं ते पैसे येईपर्यंत बंद करू नका.